शीमास्तर आणि बारक्याची वायर

आमच्या दादाला लोक शीमास्तर म्हणतात आणि त्यात लोकांची काही चूक नाही. गिटार कुणाचीही असो, उघडली की ह्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो. शी. मग चष्मा कपाळावर जातो, नाक वर चढतं आणि त्या गिटारीला आधी ज्यानं हात लावला असेल त्याचा रीतसर उद्धार सुरू होतो. एकदा एका कॉलेजातल्या पोराला त्यानं विचारलं, हे सोल्डर आहे की इथं कबुतर बसलं होतं? पोरगं लालबुंद झालं. सोल्डर त्यानं स्वतःच केलं होतं, आदल्या दिवशी, व्हिडिओ बघून. हे कळल्यावर दादा म्हणाला, मग व्हिडिओवाल्याला शी.

मी त्याची बहीण. त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, आणि त्याच्या टेबलापासून चार हातांवर बसून गेली पस्तीस वर्षं कॉइल गुंडाळते. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली एक लांबट पेटी असते, तारेची थरथर पकडून ती स्पीकरकडे पाठवते. तिला पिकअप म्हणतात. तिच्या पोटात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, ते घालायचं काम माझं. वेढे घालताना शिंक आली तरी तार तुटते. म्हणून मी कामाच्या वेळेला फारशी बोलत नाही, आणि दादाला वाटतं मी ऐकत असते.

तसं बघायला गेलं तर मीही काही कमी नाही. एका आईची लेकरं आम्ही. मला माणसांच्या घामाची शिसारी येते. लोक गिटारीला लाडाचं नाव ठेवतात, तिच्यासोबत फोटो काढतात, पण वर्षानुवर्षं तिला फडकं म्हणून लावत नाहीत. तारांखाली जो काळा चिकट थर बसतो तो नखानं खरवडला की मेणासारखी वळी निघते. ती वळी माणसाच्या कातडीची असते. एकदा हे कळलं की त्या दिवशी घास घशाखाली उतरत नाही. सांगायचं एवढंच की किळस हा आमच्या घरातला धंदाच आहे.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. वडील इथं रेडिओ दुरुस्त करायचे. दोन टेबलं, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसते ती शेजारच्या लाँड्रीची मागची भिंत. दिवसभर तिथल्या पाइपातून वाफ येते आणि इथं सोल्डरचा धूर, त्यामुळे आम्ही दोघं बारा महिने सर्दी झाल्यासारखे बोलतो. दादाच्या टेबलावर कुणी कप ठेवलेला त्याला चालत नाही. तो कामाआधी हात साबणानं तीनदा धुतो आणि कामानंतर चारदा. त्याचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलीच्या घरी गेला, तिथल्या रेडिओची मागची जोडलेली वायर बघितली आणि सवयीनं म्हणाला, शी. मुलीच्या वडिलांनी ती वायर स्वतः जोडली होती. झालं, विषय संपला. तेव्हा मी हसले होते. नंतर घरात मी, तो आणि आई तिघंच उरलो तेव्हा हसायला आलं नाही.

पण माणूस कामाला पक्का. दादाच्या हातातून गेलेली गिटार परत आली असं पस्तीस वर्षांत बोटावर मोजण्याइतकंच झालं. वाटेल तेव्हा नाक मुरडायचा त्याला हक्क आहे असं मी मानत आले. यंदापर्यंत मानत आले.

आम्ही भावंडं तीन. धाकटा आमचा बारक्या, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दिसायला काडी, आणि बोटं अशी की बाटलीच्या तोंडातून आत गेली असती. वडील गेल्यावर तोही दुकानात बसायला लागला. दादा नाही नाही म्हणता म्हणता त्याच्याकडे एकच काम पूर्ण विश्वासानं सोपवायचा, आणि ते काम म्हणजे पोकळ पोटाची गिटार.

आता ही भानगड काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साध्या इलेक्ट्रिक गिटारीच्या पाठीला झाकण असतं. चार स्क्रू काढले की आतली बटणं, वायरी सगळं समोर. ही दुसऱ्या जातीची गिटार अर्धी पोकळ. मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना रिकामं पोट. तिला पाठीमागं दार नाही, खिडकी नाही. पुढच्या अंगाला दोन नागमोडी फटी, बोटभर रुंद, आणि आत जायचं तर त्यातूनच. आवाजाची चार बटणं, तीन जागांचा स्विच, वायर खुपसायचा जॅक, हे सगळं बाहेर पुठ्ठ्यावर मांडून आधी जोडून घ्यायचं. मग प्रत्येकाच्या मानेला दोरा बांधायचा, दोऱ्याचं दुसरं टोक ज्याच्या त्याच्या भोकातून बाहेर काढायचं, आणि ती सगळी वरात फटीतून एकेक करत आत ढकलत दोऱ्यानं ओढत आपापल्या भोकात बसवायची. एक दोरा सुटला की पहिल्यापासून. दादा ह्या गिटारीला शिव्या घालायचा. बारक्या मात्र खुर्चीवर मांडी घालून, डोळे मिटून, फटीत दोन बोटं घालून बसायचा, आणि तासाभरात सगळी बटणं जागच्या जागी. डोळे का मिटतोस म्हटलं की म्हणायचा, ताई, आत अंधारच आहे, उघडे ठेवून काय करू?

बावीस वर्षांपूर्वी अशीच एक गिटार आली. लाल रंगाची, एका मोठ्या हॉटेलात रोज वाजवणाऱ्या माणसाची. वरचा पिकअप मेलेला, आतल्या वायरी कुजलेल्या. कामाची वाटणी नेहमीसारखी. मेलेल्या पिकअपमध्ये शेजारी शेजारी दोन कॉइल होत्या, दोन्ही मी नव्यानं गुंडाळल्या. बटणं आणि स्विच दादानं पुठ्ठ्यावर जोडले. पिकअपच्या वायरी बटणांना जोडायच्या आणि सगळं पोटात बसवायचं, हे बारक्यानं केलं. हॉटेलवाला घाईत आला, दारात उभा. दादानं स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही पिकअपवर टकटक करून दाखवलं, दोन्ही बोलले, आणि गिटार गेली.

त्या संध्याकाळी भरल्या हॉलमध्ये त्या माणसानं स्विच मधल्या जागेवर नेला. मधल्या जागेवर दोन्ही पिकअप एकदम वाजतात. आवाज भरदार व्हायचा तो बसला. नाकातून बोलल्यासारखा, पातळ, टिनपाट. गायिका गाता गाता वळून बघायला लागली म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर दादाला जे बोलला ते इथं लिहीत नाही. त्यातला एक शब्द फक्त सांगते, कारण तो दादाचाच होता. तो माणूस म्हणाला, शी.

ह्या धंद्यात असलेला कुणीही सांगेल, दोन्ही पिकअप एकेकटे नीट वाजतात आणि एकत्र टिनपाट होतात म्हणजे एकाची वायर उलटी लागली. लाल बटणाच्या आतल्या पायाला, काळी बाहेरच्या, एवढं साधं. एकाची लाल-काळी फिरली की दोघं एकमेकांचा आवाज खातात. दादा वळला आणि बारक्याला म्हणाला, वायर तू जोडलीस. बारक्या म्हणाला, दादा, मी बरोबर जोडलीय, लाल आत, काळी बाहेर, उघडून बघ. हॉटेलवाला गिटारीला हात लावू देईना, तसाच घेऊन गेला. त्यामुळे उघडून बघायचं राहिलं ते राहिलंच. दादानं सगळ्यांसमोर सगळं खापर बारक्यावर फोडलं. तुझ्या बोटांना अक्कल नाही, म्हणाला. तुझ्या हातचं मला नको.

बारक्या तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्या दिवशी त्यानं आपली चिमटी आणि कात्री तेवढी उचलली. आता तो तीन तासांच्या अंतरावर एका वर्कशॉपमध्ये पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. गिटारीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. घरी यायचा, पण पाहुण्यासारखा, आणि आई गेल्यापासून तेही नाही. मी दादाशी बावीस वर्षं त्या एका गोष्टीवरून धुसफुसत आले. चूक झाली असेल, पण असं चारचौघांत कुणी धाकट्या भावाचं तोंड पाडतं का? बघा मी काय म्हणत होते. चूक झाली असेल. म्हणजे झाली, हे मीही धरूनच चालले होते.

ह्या वर्षी तीच लाल गिटार परत आली. हॉटेलवाल्याचे हात आता थरथरतात, वाजवणं सुटलं. त्याची मुलगी शाळेत संगीत शिकवते, ती घेऊन आली. तिला काही आमचा इतिहास माहीत नव्हता, जुन्या पावतीवरचा पत्ता बघून आली. म्हणाली, खालचा पिकअप खरखरतो, दोन्ही नवे बसवा, वायरिंग सगळं नवं करा. आणि बाबांनी लहानपणापासून सांगितलंय, स्विच मध्ये न्यायचा नाही, तिथं तिला सर्दी होते. तेवढं जमलं तर बघा.

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं आता नाक वर जाणार. तो म्हणाला, ठेवून जा.

गिटार उघडायला घेतली आणि मला उमासे यायला लागले. तारा काढल्या तर खालून बोटभर राखाडी मळ, त्यात केस. फटीत टॉर्च मारला तर आत धुळीचे गोळे, तारा छेडायची एक प्लास्टिकची नखी, आणि ठोकळ्याला चिकटलेली झुरळाची अंडी, ओळीनं, तपकिरी. फटीतून कुबट वास आला, ओल्या मोज्यांसारखा. मी रुमाल नाकाला लावला. दादानं बटणांना दोरे बांधले, नट सोडवले, एकेक करत जुनी वरात बाहेर ओढली, आणि ह्या सबंध वेळात एकदाही शी म्हणाला नाही. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला वाटलं बरं नाही की काय ह्याला.

मग त्यानं वरचा जुना पिकअप कापून काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, हा फेकून दे.

दादा काहीही फेकत नाही. त्याच्याकडे वडिलांच्या वेळचे मोडके नट डबीत आहेत. पिकअप म्हणजे तर तांब्याची तार, लोहचुंबक, सगळं कामाचं. मी हो म्हटलं आणि पिकअप ड्रॉवरमध्ये टाकला. चार वाजता तो चहा प्यायला कोपऱ्यावर गेला, तसा मी तो बाहेर काढला.

बारक्यानं जोडलेल्या वायरी अजून त्याला तशाच होत्या, दादानं बटणाच्या पायांसकट तोडल्या होत्या, सोल्डर तसंच. बावीस वर्षांत त्या सोल्डरची चमक गेली नव्हती. प्रत्येक जोडावर नळी चढवलेली, वर मेणाच्या दोऱ्याची गाठ. लाल आत. काळी बाहेर. म्हणजे पोरगं खरं बोलत होतं.

मी मीटर जोडला, स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवला आणि झटक्यात उचलला. काटा डावीकडे गेला. खालच्या पिकअपवर तेच केलं, तिथं उजवीकडे. वायर बरोबर आणि काटा उलटा. तीनदा करून बघितलं. मग मी ब्लेडनं कॉइलवरची टेप सोडवली, भिंग लावलं आणि वेढे बघितले. माझं मशीन बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचं रीळ, फिरवतं ते पुढच्या बाजूनं माझ्याकडे. हे वेढे पलीकडे गेलेले. दोन्ही कॉइलवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीटनेटके, एकसारखे, उलटे.

आणि मला ते आठवलं. त्या सुमाराला मशीनचा रबरी पट्टा ढिला पडला होता, मोटर फिरायची आणि बॉबिन जागेवरच. नवा पट्टा आणायला वेळ कुणाला होता? मी तोच पट्टा मध्ये एक पीळ देऊन, आठच्या आकड्यासारखा चढवला. पकड मस्त आली. पीळ दिलेला पट्टा चाक उलटं फिरवतो हे कुणालाही कळेल. मला नाही कळलं. तार जरा वेगळ्या बाजूनं येतेय असं वाटलं होतं खरं, पण वाटलं, असेल. ह्या एका असेलवर बारक्या घराबाहेर गेला.

स्वतःची किळस येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्याच्या घामाला नाक मुरडणारी मी, माझेच हात मला बघवेनात. ते टेबलावर होते आणि मला उठून दुसरीकडे जावंसं वाटत होतं.

दादा आला तेव्हा सोललेली कॉइल टेबलावर, भिंग तिच्यावर. त्यानं दारातूनच बघितलं. मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल. त्यानं दार लोटलं, हात धुतले, तीनदा, आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तो चष्मा पुसत राहिला. मग एकेक करत सांगितलं, विचारावं लागलं नाही. महिन्याभरानं कळलं होतं. मी त्याच आठवड्यात गुंडाळलेला दुसरा एक पिकअप त्यानं एका साध्या गिटारीत बसवला, तोही उलटा निघाला. त्या गिटारीला पाठीमागं झाकण होतं, त्यानं दोन मिनिटांत लाल-काळी फिरवून दिली आणि विषय मिटवला. मग माझ्या मशीनकडे बघितलं, पट्ट्याला पीळ. संध्याकाळी जाऊन नवा पट्टा आणला. मला आठवला तो पट्टा. मी किती खूश झाले होते. भावाला न सांगता कळतं म्हणून लाँड्रीवालीला कौतुकानं सांगून आले होते.

का नाही बोललास, म्हणून विचारलं. म्हणाला, तुला कळलं असतं तर तू काम सोडलं असतंस, तुझा स्वभाव माहीत नाही का मला. तुझ्यासारखं वाइंडिंग दुसरीकडे कुठे मिळणार होतं? आणि गिटार द्यायच्या आधी तारा चढवून मधल्या जागेवर वाजवून बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं. ते कसं सांगायचं?

"आणि बारक्या?"

"तो गेलाच होता," दादा म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. गेलाच होता. जणू बस चुकली आणि निघून गेला. मला ओरडायचं होतं, पण माझी जीभ माझ्याच कॉइलनं बांधलेली. मी कुठल्या तोंडानं बोलणार? मी म्हटलं, मी आत्ता बारक्याला फोन करते. त्यानं माझा हात धरला. कधी धरत नाही. म्हणाला, तुझं तू सांग, ते सांगायलाच हवं. पण माझं कशाला? ह्या वयात त्याच्या मनातून मला उतरवून तुला काय मिळणार? आजच कळलं म्हण आपल्या दोघांना.

मला लाज वाटते सांगायला, पण मी हो म्हटलं. म्हटलं, म्हातारा झालाय, चूक मूळची माझीच, बारक्यावरचा डाग धुतला गेला म्हणजे झालं. माणूस स्वतःच बरबटलेला असला की दुसऱ्याचीही घाण पदराखाली घेतो.

फोन लावला. बारक्या वर्कशॉपमध्येच होता, मागं मोटर घरघरत होती. मी प्रस्तावना केली नाही. त्या लाल गिटारीचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, तुझी वायर बरोबर होती, चूक माझी होती, मला माफ कर म्हटलं.

"मला वाटायचं, मीच उलटी लावली असेन," बारक्या म्हणाला.

सुरुवातीला खात्री होती, म्हणाला. मग घरी पडल्या पडल्या मनातल्या मनात ती वायर पुन्हा पुन्हा जोडून बघायचा, आणि जोडता जोडता एक दिवस कोणती आत लावली तेच आठवेना. दादा चुकत नाही हे तर ठाऊकच होतं. तेव्हापासून प्रत्येक जोड दोनदा तपासतो. पंख्याचासुद्धा. वर्कशॉपमधले त्याला दोनदा म्हणूनच हाक मारतात, ए दोनदा, चहा घे. हे सांगताना तो हसला. त्याला राग आलाच नव्हता. सुटल्यासारखा हसत होता.

मग त्याचा आवाज खाली आला. "दादाला सांगितलंस का? जरा जपून सांग गं ताई. त्याला फार लागेल."

मी दादाकडे बघितलं. फोनचा आवाज मोठा, त्याला सगळं ऐकू येत होतं. तो सोललेल्या कॉइलकडे बघत होता.

बारक्या पुढं बोलत होता. आई दवाखान्यात होती ना, म्हणाला, तेव्हा तिनं मला सांगितलं, दादाची माफी माग, मिटवून टाका, मी आहे तोवर. तर मी व्हरांड्यात जाऊन मागितली. दादा, माझ्यामुळे तुला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, माझी चूक झाली म्हटलं. रडलो मी तेव्हा.

"आणि तो काय म्हणाला?" मी विचारलं. हे मला ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षं झाली, घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"पाठीवर हात ठेवला. म्हणाला, जाऊ दे, माणसाकडून होतं. माफ केलं मला त्यानं," बारक्या म्हणाला. "आईला जाऊन सांगितलं तर तिला किती बरं वाटलं. म्हणून म्हणतो, आता त्याच्या मनाला लागेल. सांभाळून सांग."

झुरळाची अंडी परवडली. ह्या माणसानं सगळं माहीत असताना, अकरा वर्षं माहीत असताना, निर्दोष भावाची माफी ऐकून घेतली, वर मोठ्या मनानं ती दिली, आणि आई ते पुण्य बघत डोळे मिटून गेली. आणि पाच मिनिटांपूर्वी मी ह्यालाच झाकायला निघाले होते.

"बारक्या," मी म्हटलं, "दादाला आज नाही कळलं. तू गेल्यावर महिन्याभरात कळलं होतं. दवाखान्यात तू माफी मागितलीस तेव्हाही त्याला माहीत होतं."

दादानं खुर्चीत अंग चोरलं. फोनवर मोटर घरघरत होती, मग ती बंद झाली.

मी उठून फोन दादासमोर धरला. "घे," मी म्हटलं. "आता तू माग."

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मी हात मागं घेतला नाही. दारात एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी डाव्या हातानं बाहेर थांब म्हणून खूण केली. मी काही तिथून हलणार नव्हते, अंधार पडला तरी हलणार नव्हते, आणि ते दादाला कळलं असावं. त्यानं दोन्ही हात पँटला पुसले आणि फोन घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"बारक्या," तो शेवटी म्हणाला, "तुझी वायर बरोबर होती. मला माहीत होतं."